माळढोक, माझं माहेर आणि झेपेल एवढं व्रत



भाद्रपद संपला. सोळाकारण झालं, दशलक्षण झालं, क्षमावाणीला सगळ्यांपुढे हात जोडून झाले. सोळा भावनांच्या पूजेत दरवर्षी 'शक्तितस्त्याग' आणि 'शक्तितस्तप' हे दोन शब्द येतात. आपल्या शक्तीप्रमाणे त्याग, आपल्या शक्तीप्रमाणे तप. चाळीस वर्षं मी ते म्हणत आले आणि त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. यंदा धाकट्या भावाशी एका पक्ष्यावरून भांडण झालं, तेव्हा तो अर्थ पहिल्यांदा नीट कळला. क्षमावाणीला त्याला फोन केला तर म्हणतो कसा, "अक्का, क्षमा केली. पण त्या कागदावरचं नाव काढलंस का?"

झालं असं. आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निवेदन आलं. माळढोक पक्षी संपत चालला आहे, तेव्हा नान्नजचं अभयारण्य पूर्वी होतं तेवढंच्या तेवढं पुन्हा करावं, अशी मागणी होती. खाली नावं लिहायची होती. जीवदयेचं काम म्हणून सगळ्यांनी भराभर लिहिली. मीही लिहिलं आणि मोठ्या उत्साहात ते माहेरच्या ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात भावाचा फोन.

"अक्का, वाचून नाव लिहिलंस का न वाचता?"

"पक्षी वाचवायचाय. त्यात वाचायचं काय?"

"मग आपली जमीन परत त्यात जाणार, हे कळलं का तुला?"

मला खरंच कळलं नव्हतं. बी.कॉम. झालेली बाई मी, वाण्याचं बिलसुद्धा दोनदा तपासते. आणि इथे आकडा न बघता सही ठोकून मोकळी झाले.

माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं. शाळेत असताना मी माळढोक एकदाच पाहिला. अण्णांबरोबर बैलगाडीतून वस्तीवर चालले होते. अण्णांनी गाडी थांबवली आणि बोट दाखवलं. गवतात एक भलामोठा पक्षी उभा होता, पांढरी उंच मान, डोक्यावर काळी टोपी. आमच्याकडे पाहून तो पळाला नाही, सावकाश चालत निघून गेला. अण्णा म्हणाले, "चांगलं झालं, दर्शन झालं." त्या काळी आमच्या भागात हे फार मोठं नवल नव्हतं. बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास या पक्ष्याकडे लोकांचं आणि सरकारचं लक्ष वेधलं, आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं.

आता आकडा बघा. ते अभयारण्य होतं ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर (आताचं अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. आपला सगळा सोलापूर जिल्हा मिळून साधारण १५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. एकरात सांगायचं तर जवळजवळ २१ लाख एकर. एवढ्या क्षेत्रात नुसता माळ कुठून असणार? गावं होती, विहिरी होत्या, शेतं होती, रस्ते होते. वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यातला अगदी छोटा भाग. बाकीची लोकांची.

सुरुवातीची वर्षं कोणाला फारसं जाणवलं नाही. पुढे नियम कडक होत गेले तशी जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवानगी, नवा उद्योग, सगळं अडायला लागलं. २००६ साली भावाला मुलीच्या शिक्षणासाठी तीन एकर विकायचे होते. गिऱ्हाईक यायचं, कागद बघायचं आणि चहा पिऊन परत जायचं. भावाने कचेरीत हेलपाटे घातले, शेवटी चढ्या व्याजाने पैसे काढले आणि सात वर्षं फेडले. त्याच्या त्या तीन एकरांत माळढोक कधी उतरला नव्हता. ती विहिरीवरची बागायत होती. पण रेषेच्या आत होती.

त्या काळात आमच्या भागात एक वाक्य सर्रास ऐकू यायचं : पक्षी गेला तर अभयारण्यही जाईल. विचार करा, ज्या लोकांच्या शेतातल्या ज्वारी-भुईमुगाच्या कडेने हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या किडे आणि दाणे टिपत आला, त्याच लोकांना तो गेलेला बरा वाटायला लागला. २०१२ मध्ये अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, म्हणजे साधारण तीन लाख एकर. तोवर उशीर झाला होता. आज नान्नजच्या गणनेत एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. सगळ्या देशात मिळून ते दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत.

मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा म्हणून जागा आहे. तिथे १९८१ मध्ये माळढोकासाठीच अभयारण्य केलं. तिथेही लोकांच्या जमिनी आत आल्या, व्यवहार अडले आणि राग वाढला. नव्वदच्या दशकात तिथला माळढोक नाहीसा झाला. पुढे अभयारण्यही रद्द झालं. म्हणजे पक्षीही गेला आणि गावकऱ्यांची तेवढी वर्षंही गेली.

इथवर वाचून कोणी म्हणेल, काकू माहेरच्या बाजूने झाल्या. थांबा, एवढ्यात निकाल देऊ नका. मी भावालाही तेच सांगितलं. जमीन अडली हा अन्याय होताच, पण तुमच्या उसानेही पक्ष्याची जागा खाल्ली, हे कोण बोलणार? १९८० च्या सुमारास उजनी धरण झालं आणि आमच्या भागाचं नशीब पालटलं. ज्वारी, मटकी, हुलगा मागे पडला आणि ऊस आला. पोरं शिकली, घरं बांधली, मला त्याचा आनंदच आहे. पण माळढोकाला लांबवर नजर जाईल असा मोकळा माळ लागतो. उसाच्या फडात तो राहू शकत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि तेही पावसाळ्यात, जेव्हा माणसांची सगळ्यात जास्त वर्दळ शेतात असते. वर्षाला एक अंडं! ते गुराच्या पायाखाली गेलं किंवा कुत्र्याने खाल्लं की बहुधा ते वर्ष गेलं.

दिवाळीच्या आधी भाऊ सोलापूरला आला होता. जेवण झाल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो आणि मी किराण्याच्या यादीची वही उलटी करून मागच्या पानावर रकाने पाडले. भांडण तोंडी चाललं की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. कागदावर आलं की प्रत्येकाला आपली ओळ मिळते, हा माझा संसारातला अनुभव आहे.

पहिल्या रकान्यात कोणाला काय हवंय ते लिहिलं. माळढोकाला पावसाळ्यातले चार महिने शांत गवत. भावाला आपली जमीन विकायचं, गहाण ठेवायचं स्वातंत्र्य. धनगराला मेंढरांसाठी चराई. काळविटं वाढलीत, त्यांना चारा, आणि शेतकऱ्याला त्यांच्यापासून पीक राखायचंय. लांडग्याला भक्ष्य. आणि आपल्या सगळ्यांना वीज, शक्यतो कोळशाची नसलेली.

दुसऱ्या रकान्यात, ते न मिळालं तर नुकसान किती. तिसऱ्यात, ते कोणाच्या खिशातून जातं. आणि चौथ्यात मी लिहिलं, "भरून येतं का?"

हा चौथा रकाना भरताना आम्ही दोघंही गप्प झालो. भावाचं व्याज गेलं ते भरून येण्यासारखं होतं. कोणी भरलं नाही ही गोष्ट वेगळी, पण भरता आलं असतं. धनगराला चराईची दुसरी जागा किंवा चाऱ्याचे पैसे देता येतात. विजेची तार वळवता येते, खर्च येतो पण येते. काळविटाने खाल्लेल्या पिकाचे पैसे देता येतात. माळढोकाच्या पुढे मात्र 'नाही' असंच लिहावं लागलं. तो गेला की कुठल्याही अंदाजपत्रकातून परत येत नाही.

भाऊ पानाकडे बघत म्हणाला, "म्हणजे शेवटी पक्षीच जिंकला."

मी म्हटलं, जिंकला वगैरे काही नाही. जे भरून येत नाही ते आधी राखायचं. आणि ते राखताना ज्याचं भरून येण्यासारखं नुकसान होतं, त्याचं खरोखर भरून द्यायचं. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच न्याय. नुसती पहिली केली तर तुझ्यासारख्यांवर जुलूम होतो. नुसती दुसरी केली तर पक्षी जातो.

कॉलेजात कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरात 'की फॅक्टर' नावाचा एक भाग होता. कारखान्यात सगळंच कमी नसतं, एखादीच गोष्ट कमी असते, कधी कच्चा माल, कधी यंत्राचे तास. जी गोष्ट सगळ्यात कमी आहे तिच्याभोवती सगळी योजना आखायची. माळढोकाच्या बाबतीत कमी काय होतं? २१ लाख एकर जमीन नव्हे. कमी होतं ते पावसाळ्यात कोणी पाय न टाकणारं गवत. तेवढं हेरून नीट राखलं असतं आणि भोवतीच्या शेतकऱ्यांना ज्वारी-कडधान्य परवडेल असं काही दिलं असतं, तर बागायत विहिरीवरचे तीन एकर अडवायची गरजच नव्हती.

मग रेषा एवढी मोठी का ओढली? माझं मत स्पष्ट आहे. ती फुकट होती म्हणून. नकाशावर रेषा ओढताना सरकारी वहीत एक पैसाही खर्ची पडला नाही. खर्च पडला तो भावाच्या वहीत, त्या धनगराच्या वहीत, आणि त्या वह्या कोणी मागवल्या नाहीत. वस्तू फुकट मिळाली की आपणही गरजेपेक्षा जास्त घेतो. लग्नातलं ताट आठवा. आत येणाऱ्या प्रत्येक एकराचं काहीतरी मोल दरवर्षी द्यावं लागलं असतं, तर रेषा ओढणाऱ्याने आधी चार दिवस माळावर हिंडून पक्षी कुठे बसतो हे पाहिलं असतं.

आता आपल्या धर्माकडे येते, कारण इथे आपली जरा पंचाईत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

आपली अहिंसा एकेका जीवाकडे बघते. कुत्रा तिर्यंच पंचेंद्रिय, माळढोकही तिर्यंच पंचेंद्रिय. दोघांचा आत्मा सारखा. 'जात' किंवा 'प्रजाती' म्हणून काही वेगळा आत्मा नसतो. मग दीडशे माळढोकांचं दुःख लाखो कुत्र्यांच्या दुःखापेक्षा मोठं कसं? ग्रुपवर एका मैत्रिणीने हा प्रश्न विचारला तेव्हा मला लगेच उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं ते असं. आपण ८४ लाख योनी म्हणतो. प्रत्येक योनी म्हणजे जीवाला येण्या-जाण्याचं एक दार. एक माळढोक मेला तर एका जीवाने देह सोडला. शेवटचा माळढोक मेला तर दारच लागलं. शास्त्रातला हा निष्कर्ष नव्हे, माझ्या अल्पमतीचा आहे. चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं. पण माणसाच्या हाताने असं दार लागणं, तेही उसासाठी आणि तारेसाठी, मला हिंसाच वाटते.

आणि म्हणून कुत्र्यांचा विषय टाळता येत नाही. गावाकडे आमच्या घरी उरलेलं अन्न शेताच्या बांधावर नेऊन टाकायची पद्धत होती. "मुक्या जीवाच्या पोटात जाईल" म्हणून आईच ते करायची आणि आम्ही पुण्य समजून केलं. त्या अन्नावर कुत्र्यांच्या टोळ्या माळाच्या कडेला पोसल्या जातात, आणि जमिनीवरचं अंडं, काळविटाचं पाडस, दोन्हींचा फडशा त्याच पाडतात. लांडग्यांना रोगही त्यांच्याकडून लागतात. मी कुत्र्याला मारा म्हणणार नाही, माझ्या हातून ते लिहिलंही जाणार नाही. पण खाऊ घालायचं तर घराच्या अंगणात घालावं, नसबंदी आणि लस करून घ्यावी, आणि माळाच्या कडेला अन्न टाकू नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना? भावजयीने बांधावर अन्न टाकणं बंद केलंय. तिला सांगायला मला दोन वर्षं लागली, कारण ती आईची पद्धत होती.

तसंच झाडांचं. आईवडिलांच्या स्मरणार्थ वृक्षारोपण करायचं आणि त्यासाठी 'ओसाड' माळ निवडायचा, हे आपल्याकडे फार होतं. माळ ओसाड नसतो हो! गवत हेच त्याचं जंगल. नान्नजच्या माळावरही एके काळी दुष्काळ निवारणाच्या योजनांतून ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली होती. हेतू चांगला होता, पण माळढोकाला ती झाडं म्हणजे अडचण. झाडं लावायची तर गावात लावा, शाळेत लावा, रस्त्याकडेला लावा. पुण्य तेवढंच मिळतं.

"पण अनेकांतवाद तर सांगतो की सगळ्यांचंच बरोबर," असं मंडळातल्या एक ताई म्हणाल्या. मला हे पटत नाही. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेने'. भावाच्या अपेक्षेने रेषा अन्यायाची आहे, पक्ष्याच्या अपेक्षेने ती गरजेची आहे. दोन्ही नय ऐकायचे, दोन्हींतलं खरं मान्य करायचं. पण ऐकून झाल्यावर निर्णय घ्यावाच लागतो. सगळ्यांचं बरोबर म्हणून हात झटकले तर निर्णय आपोआप होतो, आणि तो नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होतो. माळढोकाला मत नाही, मोबाईल नाही, त्याचा कोणी भाऊ अक्काला फोन करत नाही.

हाच पेच आज थरच्या वाळवंटात आहे. राजस्थान आणि गुजरातचं ऊन सौर विजेला उत्तम आणि उरलेसुरले माळढोकही तिथेच. पक्षी जड, नर तर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे उडताना त्याला समोरची तार नीट दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं वजन झटकन वळत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तारांवर कडक बंधनं घातली, त्यात तारा जमिनीखाली घालणंही आलं. २०२४ मध्ये न्यायालयानेच तो सरसकट आदेश मागे घेतला. एवढ्या क्षेत्रात सगळ्या तारा पुरणं तांत्रिकदृष्ट्या आणि खर्चाच्या दृष्टीने शक्य नाही, आणि हवामान बदल रोखायला सौर वीजही हवी, असं त्यामागचं म्हणणं होतं. तज्ज्ञांची समिती नेमली आणि कुठे तार पुरायची, कुठे वरून न्यायची, हे जागेप्रमाणे ठरवायचं असं झालं.

बऱ्याच पक्षीप्रेमींना ही माघार वाटली. मला तशी वाटत नाही, पण मी निश्चिंतही नाही. कारण एकदा मोठं व्रत लहान करायची सवय लागली की लहान व्रतातही पळवाटा निघतात. आज ९९ हजारातून थोडं निवडलं, उद्या त्या थोड्यातूनही एखादी तार "फक्त एवढीच" म्हणून जाईल. उपवासाला "फक्त एवढंसं" म्हणत काय काय चालतं ते आपण बायकांना वेगळं सांगायला नको.

आपल्या आचार्यांनी यावर फार पूर्वी तोडगा काढलाय असं मला वाटतं. मुनींना महाव्रत आणि श्रावकाला अणुव्रत. संसारी माणसाकडून आरंभी हिंसा होणार, उद्योगी हिंसा होणार, हे त्यांनी मान्य केलं. संकल्पी हिंसा मात्र पूर्ण वर्ज्य, आणि बाकीची यत्नाचाराने कमी करायची. शेती, वीज, रस्ता, हे आपलं आरंभी-उद्योगी खातं. ते शून्य होणार नाही. पण तारेवर बर्ड डायव्हर्टर लावणं, अंडी घालण्याच्या दिवसांत माळावर काम बंद ठेवणं, विणीच्या जागेजवळची तार पुरणं, हा यत्नाचार झाला. तो न करता "विकासासाठी थोडं होणारच" म्हणणं ही आरंभी हिंसा नाही, तो प्रमाद आहे.

दिग्व्रताचं बघा. श्रावक आपल्या जाण्या-येण्याची मर्यादा स्वतः आखतो. कोणी त्याच्यावर लादत नाही, आणि आखताना झेपेल एवढीच आखतो. पण एकदा आखली की ती ओलांडणं हा अतिचार. इतकंच नव्हे, आखलेली मर्यादा विसरून जाणं यालाही तत्त्वार्थसूत्रात अतिचारच म्हटलंय. १९७९ च्या रेषेचं नेमकं हेच झालं. लोकांना न विचारता, न झेपणारं महाव्रत २१ लाख एकरांवर लादलं. ते कोणालाच पाळता येईना, म्हणून कोणीच पाळेना, आणि जिथे खरोखर पाळायला हवं होतं त्या चार माळांवरही पाळलं गेलं नाही. मोठ्या रेषेने भावाला छळलं आणि माळढोकालाही वाचवलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. निसर्ग राखायचं व्रत झेपेल एवढं घ्यावं, ज्यांना ते पाळायचंय त्यांना विचारून घ्यावं, त्यांचं नुकसान भरून द्यावं, आणि मग त्यात पळवाट ठेवू नये. लहान रेषा, पण पक्की. आणि कुठली रेषा लहान करता येईल हे ठरवताना आधी चौथा रकाना बघावा : भरून येतं का?

मी ते नाव काढलं. पण नुसतं काढून गप्प बसले असते तर भाऊ जिंकला असता आणि विषय संपला असता. दिवाळीनंतर आम्ही दोघांनी मिळून दुसरं निवेदन लिहिलं. आहे तेवढ्या अभयारण्यातले खरे माळ पावसाळ्यात शांत राहावेत, तिथे नवी तार जाऊ नये, मेंढपाळांना त्या चार महिन्यांच्या चाऱ्याचे पैसे वेळेवर मिळावेत आणि बाकीच्या महिन्यांत त्यांची बेताची चराई चालू राहावी (गवत फार उंच माजलं तर तेही पक्ष्याला नकोच असतं), कडेच्या शेतात ज्वारी-कडधान्य घेणाऱ्याला उसाशी तुलना करून काही मदत मिळावी, आणि काळविटाने खाल्लेल्या पिकाची भरपाई त्याच हंगामात मिळावी. पहिली सही भावाने केली. सही करताना म्हणाला, "आता पक्षी आहे कुठे अक्का, कोणासाठी करतोय हे?"

याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. जैसलमेरजवळ प्रजनन केंद्रात २०१९ पासून जंगलातली अंडी आणून पिल्लं वाढवतायत, २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्माला आलं. मादीच्या पोटाखालचं अंडं काढून घेणं ऐकताना जीव कळवळतो, आणि पिंजऱ्यात वाढलेला पक्षी माळावर जगेल का ही शंकाही येते. पण चौथा रकाना बघितला की तेही करायला हवं असंच वाटतं. उद्या ती पिल्लं मोठी झाली तर सोडायला कुठेतरी माळ लागेलच की. तो आपल्याकडे असावा. घरात पाहुणा यायचा नक्की नसला तरी आपण एक खोली झाडून ठेवतोच.

मंडळाच्या ग्रुपवर नवं निवेदन टाकलं तेव्हा पहिल्याइतक्या भराभर सह्या आल्या नाहीत. "एवढं लांबलचक कोण वाचणार?" असंही एकीने लिहिलं. मी तिला म्हटलं, सावकाश वाच, आणि वाचूनच सही कर. माझ्यासारखं करू नकोस.

कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.